औषधातला धातू आणि बारावीच्या पुस्तकातून गळलेले धडे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रक्तदाबाच्या गोळीत जड धातू असतात, कर्करोगाच्या इंजेक्शनात प्लॅटिनमचे विष भरलेले असते, अशा आशयाचे संदेश सध्या मोबाइलवरून सर्रास फिरतात. त्यांच्यावर विश्वास ठेवून कुणी चालू गोळी परस्पर बंद करतो, तर कुणी केमोथेरपीची पुढची तारीख टाळतो. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली आणि औषधात धातूचा अंश किती उरला आहे हे तपासणे हा तिथल्या कामाचा नित्याचा भाग होता. त्या अनुभवावरून सांगतो, की ही भीती निव्वळ अज्ञान म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. धातू आणि कार्बन यांचा बंध जुळला की त्यातून जीवनसत्त्व बनू शकते, औषध घडवणारा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, बनू शकतो आणि माणसाचा मेंदू निकामी करणारे विषही बनू शकते. यांतले कोणते कधी बनते, हे ओळखायला आपण मुलांना शिकवेनासे झालो आहोत, आणि औषधनिर्मितीवर हजारो घरे चालणाऱ्या गोव्याला ही उणीव परवडणारी नाही.

२०२२ साली अभ्यासक्रमाचा भार हलका करताना एनसीईआरटीने बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातून काही प्रकरणे वगळली. गोव्यातील उच्च माध्यमिक विद्यालयांत हीच पुस्तके शिकवली जातात. वगळलेल्या प्रकरणांत पृष्ठभागाचे रसायनशास्त्र होते, ज्यात उत्प्रेरकांचे कार्य समजावून दिले होते. बहुवारिकांचे, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरांचे प्रकरण होते, ज्यात झिग्लर आणि नाट्टा यांच्या उत्प्रेरकाची ओळख होत असे. दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्राचे प्रकरणही होते, ज्यात औषधे शरीरात कशी काम करतात याची प्राथमिक माहिती होती. समन्वय संयुगांच्या, म्हणजे धातूच्या अणूभोवती इतर रेणू किंवा आयन जोडलेल्या संयुगांच्या प्रकरणात कर्करोगावरील औषध सिसप्लॅटिन, जीवनसत्त्व बी-१२ आणि विल्किन्सनचा उत्प्रेरक यांचे उल्लेख शिल्लक आहेत, पण ते ओळी-दोन ओळींचे. परीक्षेत एका गुणाला विचारले जावे एवढेच. महामारीनंतर विद्यार्थ्यांवरचे ओझे कमी करण्यामागचा हेतू मला समजतो. परंतु या विषयाची जी तीन दारे होती, ती तिन्ही एकाच वेळी बंद झाली आहेत.

या दारांपलीकडे काय आहे, ते सर्वांच्या परिचयाच्या एका गोळीपासून सांगतो. हातापायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टर मेथिलकोबालामिन लिहून देतात. गोव्यातल्या कोणत्याही फार्मसीत ही गोळी मिळते. हे जीवनसत्त्व बी-१२ चे एक रूप आहे. त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो आणि त्या अणूला कार्बनचा मेथिल गट थेट जोडलेला असतो. रसायनशास्त्राच्या काटेकोर व्याख्येनुसार हे कार्बनी-धातू संयुग, म्हणजे ऑर्गॅनोमेटॅलिक संयुग ठरते. रेणूच्या वजनात कोबाल्टचा वाटा साडेचार टक्क्यांहून कमी असला तरी तो काढून घेतला तर जीवनसत्त्व उरत नाही. प्रकाश लागला की कोबाल्ट आणि कार्बन यांच्यातला हा बंध तुटतो, म्हणून ही गोळी प्रकाशापासून जपावी लागते. वनस्पती बी-१२ बनवत नाहीत, ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात, आणि त्यामुळेच पूर्ण शाकाहारी लोकांत त्याची कमतरता अधिक आढळते. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने बी-१२ ची रचना १९५६ मध्ये पूर्ण उलगडली आणि १९६४ साली त्यांना नोबेल मिळाले. शरीरात काम करणाऱ्या बी-१२ च्या रूपात धातू आणि कार्बन यांचा थेट बंध आहे, हेही पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत स्पष्ट झाले. म्हणजे असा बंध निसर्गाला परका नाही. आपल्या रक्तपेशी आणि मज्जातंतू त्याच्यावर अवलंबून आहेत.

आता कोबाल्टच्या जागी पारा ठेवून पाहावा. तोच मेथिल गट पाऱ्याला जोडला गेला की मेथिल पारा तयार होतो, आणि त्याने काय केले हे जपानमधील मिनामाताच्या कोळी वस्त्यांनी सोसले आहे. तिथला कारखाना अ‍ॅसिटिलीनपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरत असे. त्या प्रक्रियेत उपउत्पादन म्हणून मेथिल पारा तयार होई आणि तो सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. खाडीतून तो माशांत साठला आणि माशांतून माणसांत गेला. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. पाऱ्याचे सांडपाणी थांबायला मात्र १९६८ उजाडले. गर्भातल्या मुलांनाही त्याची बाधा झाली. आपल्यासारख्या रोज मासळी खाणाऱ्या किनारपट्टीवर तर हा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर १९९६ साली डायमेथिल पाऱ्याचे काही थेंब पडले, ते रबरी हातमोज्यातून आरपार गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. म्हणून धातूयुक्त औषधांबद्दल सावध असणाऱ्या माणसाला मी हसत नाही. त्याने धातूचे नाव ऐकून थांबू नये, तो कशाशी बांधलेला आहे, किती आहे आणि कुणी तपासला आहे हे पुढचे तीन प्रश्न विचारावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्प्रेरकांची गोष्ट अधिक विस्ताराने सांगावी लागेल, कारण गोळ्यांतल्या धातूविषयीची भीती मुख्यतः तिथून येते. उच्च रक्तदाबावरील लोसार्टनच्या रेणूत बेंझिनची दोन वलये एकमेकांना थेट जोडलेली असतात. कार्बनला कार्बन असा जोडणे हे फार अवघड काम असते, कारण दोन वलये नुसती एकत्र तापवली तर ती एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जपानचे अकिरा सुझुकी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की पॅलेडियमचे संयुग मध्ये घातले तर हे काम सौम्य परिस्थितीत होते. पॅलेडियमचा अणू आधी ब्रोमीन असलेल्या वलयाला पकडतो, मग बोरॉनकडून दुसरे वलय घेतो, दोन्हींना स्वतःवर शेजारी बसवतो, त्यांचा बंध जुळवतो आणि जोडलेला रेणू सोडून पुन्हा मोकळा होतो. रायबंदरची फेरीबोट चोडणला प्रवासी उतरवून पुढच्या खेपेला सज्ज होते, तसा हा अणू पुढच्या जोडीसाठी तयार असतो, आणि म्हणूनच अगदी थोडे पॅलेडियम मोठ्या घाण्याला पुरते. या कामासाठी २०१० चे रसायनशास्त्राचे नोबेल सुझुकी, रिचर्ड हेक आणि ए-इची नेगिशी यांना विभागून मिळाले.

याच घराण्यातील इतर उत्प्रेरकांचा आपल्या रोजच्या वापराशी संबंध आहे. डोपा या रेणूची डावी आणि उजवी अशी दोन रूपे असतात. त्यांतले एकच, पार्किन्सनवर दिले जाणारे एल-डोपा, उपयोगी पडते आणि दुसरे नको असते. विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियमच्या उत्प्रेरकाने हवे तेच रूप बनवण्याची रीत कारखान्यापर्यंत नेली. बाम आणि टूथपेस्टमधील मेंथॉलही जपानमध्ये ऱ्होडियमच्या उत्प्रेरकाने मोठ्या प्रमाणावर बनते. तो उत्प्रेरक र्‍योजी नोयोरी यांच्या संशोधनातून आला. नोल्स आणि नोयोरी यांना २००१ साली बॅरी शार्पलेस यांच्यासह नोबेल मिळाले. ज्या प्लॅस्टिकच्या बादलीत आपण पाणी भरतो, त्या प्लॅस्टिकमागे टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांचा झिग्लर-नाट्टा उत्प्रेरक असतो. त्याला १९६३ साली नोबेल मिळाले होते.

उत्प्रेरकाने काम संपवले की त्याला औषधातून बाहेर काढावे लागते, आणि इथेच गुणवत्ता नियंत्रणाचे काम सुरू होते. सक्रिय कोळसा किंवा गंधकाचे गट लावलेली सिलिका वापरून पॅलेडियम शोषून घेतले जाते. तरीही काही सूक्ष्म अंश उरतोच, आणि तो किती चालेल याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ठरलेली आहे: तोंडाने घेण्याच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, इंजेक्शनातून १० मायक्रोग्रॅम. एखाद्याला दिवसाला १० ग्रॅमपर्यंत औषध जात असेल असे धरले, तर तोंडाने घेण्याच्या औषधाची ही मर्यादा दहा लाख भागांत १० भाग एवढी खाली येते.

पूर्वी हे मोजायची रीत फार ढोबळ होती. नमुना भट्टीत जाळायचा, राख आम्लात विरघळवायची, तिच्यात सल्फाइड सोडायचे आणि काचेच्या दोन उंच नेसलर नळ्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून वरून डोळ्यांनी पाहायचे. एकीत औषधाचा नमुना असे, दुसरीत शिशाचे ठरावीक प्रमाण असलेले द्रावण. नमुन्याचा तपकिरी रंग शिशाच्या रंगापेक्षा गडद नसला की माल उत्तीर्ण. या चाचणीत धातू कोणता आहे ते कळत नसे, आणि पाऱ्यासारखा उडून जाणारा धातू भट्टीतच निघून जाई. ढगाळ दिवशी आणि उन्हाच्या दिवशी त्याच दोन नळ्या वेगळ्या भासत, म्हणून आम्ही निर्णय देण्याआधी दुसऱ्या सहकाऱ्याचे डोळे मागत असू. औषधांच्या दर्जाचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेच्या औषधकोशाने १ जानेवारी २०१८ पासून ही चाचणी रद्द केली आणि तिची जागा आयसीपी-एमएससारख्या यंत्रांनी घेतली. या यंत्रात अर्गॉन वायूच्या काही हजार अंश तापलेल्या प्लाझ्मामध्ये नमुन्याचे अणू सुटे होतात आणि प्रत्येक धातू त्याच्या वस्तुमानावरून स्वतंत्रपणे मोजला जातो. अब्जात एक भाग एवढा धातूही त्याला दिसतो. ज्या रक्तदाबाच्या गोळीविषयी संदेश फिरतात, तशा गोळीतला धातू या कसोटीवर मोजता येतो. तेव्हा प्रयोगशाळेच्या अहवालात पॅलेडियमचा आकडा दिसला म्हणजे औषधात विष सापडले असे होत नाही. तो आकडा मर्यादेच्या किती खाली आहे, हे पाहायचे असते. आयुर्वेदातील धातुभस्मांनाही हाच काटा लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंपरेचा मान राखायचा तर तिच्या औषधांची तपासणी अधिकच कसोशीने व्हायला हवी.

जिथे धातू मुद्दाम औषध म्हणून दिला जातो, तिथे हिशेब वेगळा असतो. सिसप्लॅटिनमध्ये प्लॅटिनमला अमोनिया आणि क्लोरीन जोडलेले असतात. त्यात धातू-कार्बन बंध नाही, त्यामुळे काटेकोरपणे ते कार्बनी-धातू संयुग नव्हे, समन्वय संयुग आहे. पण धातूयुक्त औषधांच्या संशोधनाला त्यानेच दिशा दिली. हा रेणू १८४५ पासून माहीत होता. १९६५ साली मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंत लांबत गेले. याचे कारण वीज नव्हती. प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून द्रावणात उतरलेली संयुगे होती. जे जिवाणूचे विभाजन थांबवते ते गाठीचेही थांबवेल काय, या प्रश्नातून १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध उभे राहिले. शरीरात इतरत्र पसरलेला वृषणाचा कर्करोग पूर्वी बहुधा जीव घेत असे. आज त्याचे बहुतेक रुग्ण बरे होतात. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना आणि ऐकण्याच्या शक्तीला इजा करू शकते, त्याने तीव्र मळमळ होते, आणि म्हणूनच ते देताना भरपूर सलाइन चढवले जाते. हे दुष्परिणाम कुणी लपवत नाही. ज्या रुग्णाला ते नीट समजावून सांगितले जातात, तो मोबाइलवरच्या संदेशाने सहसा डगमगत नाही.

धातू आणि कार्बन यांचा बंध असलेली उमेदवार औषधे याच वाटेने पुढे येत आहेत. त्यांतली एक, फेरोक्विन, गोव्यासाठी विशेष महत्त्वाची वाटते. १९५१ साली फेरोसीन नावाचे नारिंगी स्फटिक सापडले. त्यात कार्बनच्या दोन वलयांच्या मध्ये लोहाचा एक अणू असतो, आणि ही रचना ओळखण्याच्या कामातूनच कार्बनी-धातू रसायनशास्त्राचा आधुनिक काळ सुरू झाला. फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी १९९७ मध्ये क्लोरोक्विन या मलेरियावरील औषधाच्या रेणूत हे फेरोसीन बसवून फेरोक्विन बनवले, आणि क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या मलेरियाच्या परजीवीवर ते प्रभावी ठरले. मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत ते पोहोचले. बाजारात मात्र आलेले नाही. कर्करोगावरील रुथेनियमची काही संयुगेही चाचण्यांपर्यंत गेली आहेत, पण त्यांत धातू-कार्बन बंध नाही. रुग्णालयात प्रत्यक्ष वापरात असलेले उदाहरण हवे असेल, तर हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी शिरेतून दिले जाणारे टेक्नेशियम सेस्टामिबी घ्यावे. त्यातला धातू सहा कार्बन अणूंना थेट बांधलेला असतो. बांधकामाच्या ठिकाणी मलेरिया होऊ नये म्हणून आरोग्य खाते जिथे मजुरांच्या रक्ताचे नमुने घेत फिरते, त्या गोव्यातील मुलांना फेरोक्विनचे नावही माहीत नसावे, याचे मला वाईट वाटते.

या रसायनांचा आपल्या भूमीशी संबंध नाही, असेही कुणी समजू नये. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि कालवे चिकटू नयेत म्हणून ज्या रंगात ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे कार्बनी संयुग घालत, त्याने सागरी शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले आणि त्यांचे प्रजनन खुंटले. ते वापरण्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील पाणी, गाळ आणि सागरी जीवांत ही संयुगे आढळल्याचे संशोधन दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीच प्रसिद्ध केले आहे. मुरगाव बंदराच्या शेजारी राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याची वाट का पाहावी लागावी? पेट्रोलमधील टेट्राएथिल शिशाची गोष्टही त्याच जातीची आहे. देशभरात ते २००० सालच्या फेब्रुवारीत बंद झाले, पण तोवर पिढ्यानपिढ्या मुलांनी ते श्वासातून घेतले होते.

माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. गोवा शालान्त मंडळाने वगळलेली प्रकरणे परीक्षेत परत आणावीत असा माझा आग्रह नाही. उत्प्रेरक, धातूयुक्त औषधे आणि त्यांची तपासणी या विषयांवर वीस-पंचवीस पानांची पूरक पुस्तिका इंग्रजी, मराठी आणि कोकणी भाषांत काढावी आणि ती शिक्षकांच्या हाती द्यावी. ताळगाव पठारावरील विद्यापीठात रसायनशास्त्राचे जाणकार आहेत. पॅलेडियम मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येते आणि महाग असते, म्हणून त्याच्या जागी लोहाचे उत्प्रेरक शोधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. लोहखनिजावर ज्यांचे संसार चालले त्या सत्तरी-डिचोलीच्या मुलांना हा विषय जवळचा वाटेल. वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील कारखान्यांनी वर्षातून एक दिवस आपली तपासणी प्रयोगशाळा बारावीच्या विद्यार्थ्यांना दाखवावी. उत्पादनाचे गुपित न उघडताही धातूची मोजणी दाखवता येते, आणि ती एकदा पाहिलेला मुलगा आयुष्यभर औषधाच्या पाकिटाकडे वेगळ्या नजरेने पाहील.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक स्वतंत्र विनंती आहे. नव्या संयुगाने कर्करोगावर मात केल्याच्या बातम्या वारंवार येतात. अशी बातमी छापताना ते संयुग परीक्षानळीतील पेशींवर तपासले गेले, उंदरांवर तपासले गेले की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर कितव्या टप्प्यात, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. परीक्षानळीत पेशी मारणारी संयुगे असंख्य आहेत, आणि त्यांतली फार थोडी रुग्णापर्यंत पोहोचतात. बातमी वाचून एखाद्या घरात खोटी आशा निर्माण झाली, तर चालू उपचार सोडून त्या नव्या औषधाची चौकशी सुरू होते.

पुस्तिकेचा मजकूर लिहिण्यासाठी आणि शाळांत जाऊन तो समजावून सांगण्यासाठी औषध कारखान्यांतून निवृत्त झालेले आमच्यापैकी बरेच जण वेळ द्यायला तयार आहेत. मंडळाने किंवा एखाद्या विद्यालयाने बोलावले, तर नेसलर नळ्यांची ती जुनी चाचणी मुलांसमोर करून दाखवण्याचीही आमची तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त औषध-विश्लेषक
फोंडा, गोवा